सायरन वाजतो तेव्हा मावशी पोळ्या लाटत असते

मनाचे प्रश्न, वाचकांची पत्रं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं युद्धाबद्दलची आहेत. तिघांनीही नाव छापू नका असं कळवलं आहे. एरवी मी एकाच पत्राला सविस्तर उत्तर देते, पण ही पत्रं एकमेकींना इतकी लागून आहेत की तिन्ही इथे घेतली.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. माझी मावशी लग्न झाल्यावर इस्राएलला गेली आणि तेव्हापासून तिथल्या अश्दोद शहरात राहते. वय ७६. काका वारले, मुलगा नोकरीसाठी उत्तरेला असतो. आम्ही रोज फोनवर मराठीतच बोलतो. ऑक्टोबर २०२३ नंतर बोलता बोलता मागे सायरन ऐकू यायला लागला. ती म्हणते, "वाजतोय गं, वाजू दे. तव्यावर पोळी आहे." एकदा तर चक्क हसली. इकडे माझे हातपाय गार पडतात. मी फोनमध्ये त्यांच्या सायरनचं अ‍ॅप टाकून घेतलं आहे, रात्री ते वाजलं की उठून बसते. मावशी अशी नव्हती हो. १९९१ च्या आखाती युद्धात विषारी वायूच्या भीतीने तोंडाला मास्क लावून ती रडायची, आईला तसं पत्रात लिहायची. तिचं मन मेलं का? ही वेड लागण्याची सुरुवात तर नाही? तिला हट्टाने पनवेलला घेऊन यावं का?

उत्तर : ताई, मावशींचं मन अगदी जागेवर आहे. मला काळजी वाटते ती त्यांच्या गुडघ्यांची, म्हणून आधी त्याचंच विचारते.

गाझातून रॉकेट सुटलं की अश्दोदच्या माणसाला आडोशाला जायला साधारण ४५ सेकंद मिळतात. ७६ वर्षांच्या बाईला एवढ्या वेळात गॅस बंद करून, चप्पल घालून कुठवर जाता येईल? १९९१ च्या युद्धानंतर तिथे कायदा झाला आणि नव्या घरांत जाड काँक्रीटची एक खोली आली, तिला ते 'ममाद' म्हणतात. जुन्या इमारतींत ती नाही. तिथले लोक खालच्या सामायिक 'मिकलात'मध्ये उतरतात, नाहीतर जिन्यात उभे राहतात. मावशी कितव्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे का, रात्री गाऊनवर परक्या माणसांत जाऊन बसायची लाज वाटते का, खाली संडास आहे का, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंय? "भीती वाटत नाही का?" हे मात्र रोज विचारत असाल.

१९४० च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये आसऱ्यांची मोजणी झाली. जर्मन विमानं जवळजवळ रोज रात्री बॉम्ब टाकत होती, तेव्हाची ही गोष्ट. भुयारी रेल्वेत झोपणारे ४ टक्के, सार्वजनिक आसऱ्यांत ९ टक्के, घरच्या किंवा परसातल्या आसऱ्यांत २७ टक्के. बाकीचे, म्हणजे निम्म्याहून जास्त लोक, घरातच होते. परसात पुरलेल्या पत्र्याच्या अँडरसन शेल्टरमध्ये पाणी साचायचं, थंडीने हाडं गोठायची, पाय पसरायला जागा नसायची. सकाळी कामावर जायचं असलेल्या माणसाने अशा वेळी झोप निवडली. बाहेरून बघणाऱ्याला ती बेफिकिरी वाटते, पण तिच्यामागे ओली गादी असते, दुखणारी कंबर असते. मावशींचंही असंच काहीतरी असेल, असा माझा अंदाज आहे.

म्हणून पहिलं काम हे करा. मावसभावाशी बोला. घरात ममाद नसेल तर खिडक्यांपासून लांब, आतल्या बाजूला एक भक्कम खुर्ची ठेवायला सांगा. तिच्याजवळ चपला, पाण्याची बाटली, औषधांची पिशवी आणि चार्जर. त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्याने सायरन झाला की दार ठोठवायचं, असं ठरवून घ्या. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रं आली तेव्हा बहुतेक वेळा फोनवर काही मिनिटं आधी सूचना यायची. ती मोठी अस्त्रं आहेत, त्यांच्यासाठी जिना पुरत नाही. तेवढ्या मिनिटांत शेजाऱ्याचा हात धरून खाली उतरायचंच, हे त्यांना ठामपणे सांगा. पोळी जळली तर जळू दे.

आता मनाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, १९३८ मध्ये, लंडनमधल्या नामवंत मनोविकारतज्ज्ञांनी सरकारला इशारा दिला होता की बॉम्ब पडू लागले की जखमींपेक्षा मन ढासळलेल्यांचीच संख्या कितीतरी जास्त असेल. त्यांच्यासाठी शहराबाहेर खास रुग्णालयं तयार ठेवली गेली. ७ सप्टेंबर १९४० ला भडिमार सुरू झाला, तो पुढच्या मे महिन्यापर्यंत चालला, ब्रिटनभर ४० हजारांहून जास्त नागरिक मेले. पण वेड लागलेल्यांचा तो लोंढा काही आला नाही. माझ्याच व्यवसायातल्या मोठ्या माणसांचा अंदाज असा साफ चुकला, कारण घाबरलेला माणूस घाबरलेलाच राहतो असं त्यांनी धरून चाललं होतं. शरीराला ते परवडत नाही. रोज रात्री काळजाचे ठोके तितकेच वाढत राहिले तर माणूस महिनाभरही टिकणार नाही. म्हणून धोका तोच असला, तरी शरीर हळूहळू आपली घंटा हलकी वाजवायला शिकतं.

तुम्ही १९९१ चा उल्लेख केलात ते बरं झालं. १८ जानेवारीच्या पहाटे इराकची पहिली स्कड क्षेपणास्त्रं इस्राएलवर पडली. त्या दिवशी तिथे मृत्यूंचं प्रमाण नेहमीपेक्षा बरंच वाढलं, आणि ते थेट क्षेपणास्त्रामुळे नव्हतं. हृदयं बंद पडली होती. पुढे कितीतरी आठवडे हल्ले होत राहिले, पण मृत्यूंत तशी वाढ पुन्हा दिसली नाही. त्या काळात रुग्णालयांत आलेल्यांत स्फोटाने जखमी झालेले थोडे होते. अनेक जण धास्तीनेच आले होते, कित्येकांनी विषारी वायूवरचं अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन गरज नसताना टोचून घेतलं होतं. मास्क नीट लावता न आल्यामुळे गुदमरूनही माणसं गेली. त्या रात्री मास्कमध्ये रडणारी तुमची मावशी त्या हजारोंपैकी एक होती. आज पोळ्या लाटतेय ती तीच बाई आहे. तिचं शरीर चौतीसएक वर्षं हा धडा गिरवत आलंय.

पण याला शौर्य म्हणून टाळ्या वाजवू नका, ही माझी कळकळीची विनंती. लंडनवाल्यांच्या धीराची पुढे दंतकथा झाली. आपल्याकडे ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले, दुसऱ्या दिवशी गाड्या भरून धावल्या आणि सगळ्यांनी 'मुंबई स्पिरिट'चे गोडवे गायले. मी तेव्हा मुंबईतच प्रॅक्टिस करत होते. लोक कामावर गेले, कारण खाडा परवडत नव्हता. पुढच्या काही महिन्यांत माझ्याकडे येणारी माणसं स्फोटाचं नावही काढत नव्हती. पित्त उसळतं, झोप तीनला मोडते, पोरावर हात उगारला जातो, फर्स्ट क्लासचा पास असून दाराशीच उभं राहावंसं वाटतं, हे सांगायची. लंडनमध्येही मोठ्या हल्ल्यांच्या महिन्यांत पोटातला अल्सर फुटून आलेले रुग्ण वाढल्याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी केली आहे. हलकी वाजणारी घंटा शरीरात कुठेतरी वाजतच असते. मावशींना बीपी, जेवण, झोप यांबद्दल विचारा. त्यातून मनाचं जास्त कळेल.

दुसरी एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. आघातावरचं आमचं बरंचसं ज्ञान 'घटना घडून गेली, आता त्यानंतरचं बघू' असं धरून चालतं. मावशींचं 'त्यानंतर' कधी येणार? १९८० च्या दशकात वर्णभेदाच्या राजवटीत दक्षिण आफ्रिकेतल्या मानसतज्ज्ञांना हाच प्रश्न पडला होता, कारण उपचार घेऊन माणूस परत त्याच वस्तीत, त्याच पोलिसांच्या तावडीत जायचा. डॉ. इयाद अल-सर्राज यांनी १९९० मध्ये गाझात सामुदायिक मानसिक आरोग्याचं काम उभं केलं. पॅलेस्टिनी मनोविकारतज्ज्ञ आजही हेच सांगत आले आहेत: आमच्या रुग्णांचा आघात संपलेलाच नाही, तर 'आघातोत्तर' कुठून म्हणायचं? आणि गाझात तर सायरन नाही, ममाद नाही, ४५ सेकंदही नाहीत. तुमच्या मावशींची काळजी करताना हे लिहायला मला संकोच वाटत नाही. तंबूसमोर चूल मांडून भाकरी भाजणारी तिथली बाई आणि अश्दोदची मावशी दोघींचे हात एकच काम करताहेत, आणि दोघींना त्या कामाची सारखीच गरज आहे. पुढची दहा मिनिटं आपल्या हातात आहेत, एवढा विश्वास त्यातून मिळतो. भयाच्या काळात त्याहून मोठं औषध माझ्या कपाटात नाही.

म्हणून त्यांची पोळी काढून घेऊ नका. उलट तिच्याबद्दलच बोला. आज भाजी काय केलीस, कोण आलं होतं, खालच्या मजल्यावरच्या बाईंचं बाळंतपण झालं का. सगळं पार पडलं की एलियाहू हनाबीचा मलिदा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने गोड पोह्यांचा प्रसाद, करीन असं त्या बोलल्या असतील, तर कोणाकोणाला बोलावणार, पोहे कुठून आणणार, तेही विचारा. तिथे अजून मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायका असतील, तिथलं 'मायबोली' हे मराठी नियतकालिक वाचणाऱ्या असतील. त्यांच्यापैकी कोणाशी गाठ पडते का बघा. बॉम्बपेक्षा एकटेपणाने खचलेली माणसं मी जास्त पाहिली आहेत.

आणि ते अ‍ॅप आजच काढून टाका. अश्दोदच्या सायरनवर पनवेलमध्ये तुम्ही काय करू शकता? आडोशाला जायचं नाही, दार लावायचं नाही, कोणाचा हात धरायचा नाही. ज्याला करण्यासारखं काही नाही त्याचीच भीती सगळ्यांत जास्त वाढते. म्हणूनच आज तुमची तब्येत मावशींपेक्षा नाजूक आहे, हे मला स्पष्ट सांगायला हवं. फोनची वेळ ठरवा, रोज संध्याकाळी एकदा. सायरननंतर मावशींनी एक अंगठा पाठवायचा, बस. त्यांनी हसून बोलावं म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल, हे ओझं त्यांच्यावर नको. कधी त्या रडल्या तर रडू द्या, आणि "सगळं ठीक होईल" म्हणायची घाई करू नका.

पनवेलला आणण्याबद्दल त्यांनाच विचारा. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने काही दिवसांत सुमारे १५ लाख मुलं, आया आणि अपंग माणसं शहरांतून खेड्यांत हलवली. बॉम्ब पडायच्या आतच त्यातले खूप जण परत आले. माणसाला जीव प्रिय असतो, तसाच आपला ओटाही. महिनाभर राहायला ये, तिकीट मी काढते, असं म्हणून दार उघडं ठेवा, पण ओढू नका. मात्र काही दिवसांनी त्या जेवण टाळायला लागल्या, रात्र रात्र बसून राहिल्या, घरातून बाहेरच पडेनाशा झाल्या, मागचं-पुढचं विसरून बोलायला लागल्या, "आता पुरे झालं जगणं" असं म्हणाल्या, तर वाट बघू नका, मुलाला लगेच कळवा. तिथे 'एरान' संस्थेची १२०१ क्रमांकाची मदतवाहिनी आहे, तीही त्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : मॅम, मी लातूर जिल्ह्यातली. एमबीबीएससाठी युक्रेनमधल्या खारकीवला होते. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं, आठवडाभर आम्ही मेट्रो स्टेशनात झोपलो. २ मार्चला दूतावासाचा संदेश आला की मिळेल तसं, पायी का होईना, आजच खारकीव सोडा. आम्ही शहराबाहेरच्या पिसोचिनपर्यंत चालत गेलो. मला खरचटलंही नाही. फक्त हॉस्टेलशेजारच्या दुकानाच्या काचा माझ्यासमोर फुटल्या. आता शिक्षण दुसरीकडे पूर्ण करून मी इथे इंटर्नशिप करते आहे. या दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला आणि मी पलंगाखाली गेले. चुलतभाऊ हसले. माझी युक्रेनी रूममेट अजून खारकीवला आहे, तिची धाकटी बहीण मेट्रो स्टेशनातल्या शाळेत शिकते. ती मला मांजराचे फोटो पाठवते. तिला रोज बॉम्ब सोसतात, मला फटाका सोसत नाही. मी इतकी कमकुवत का?

उत्तर : बाळा, तुझी रूममेट अजून त्या आवाजांत राहते, म्हणून तिला ते आवाज वाचता येतात. कुठला लांबचा, कुठला जवळचा, कधी बाहेरच्या खिडकीपासून दोन भिंती आड करून बोळात बसायचं, कधी झोपून राहायचं, हे तिला आणि तिच्या शेजाऱ्यांना आता कळतं. तिथल्या शाळा २०२३ च्या सप्टेंबरपासून मेट्रोत भरू लागल्या, म्हणजे भीतीसुद्धा त्यांनी वेळापत्रकात बसवली. तुझं तसं झालं नाही. मोठा आवाज झाला की पळायचं, एवढंच तुझं शरीर त्या आठवड्यात शिकलं. मग तुला उचलून लातूरला आणलं गेलं. पुढचा धडा, म्हणजे प्रत्येक आवाजाला पळायचं नसतं हा, शिकायची संधीच मिळाली नाही. हा अर्धवट राहिलेला अभ्यास आहे. कमकुवतपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

केंब्रिजचे मानसतज्ज्ञ जॉन मॅककर्डी यांनी लंडनच्या भडिमारानंतर एक निरीक्षण मांडलं. बॉम्बचा स्फोट ऐकू आला पण आपल्याला काही झालं नाही, अशांचा धीर हळूहळू वाढतो. बॉम्ब अगदी हाताच्या अंतरावर पडला, धक्का अंगाला लागला, समोर काही उद्ध्वस्त झालं, अशांच्या मनात भय घर करतं. मला ही विभागणी जरा जास्तच सरळ वाटते, कारण माणसाचा स्वभाव, आधीची दुःखं, बरोबर कोण होतं, याने पुष्कळ फरक पडतो. पण तुझ्या बाबतीत ती कामाची आहे. "खरचटलंही नाही" असं तू लिहितेस आणि पुढच्याच वाक्यात काचा फुटतात. तुझ्या शरीराच्या हिशोबात तो बॉम्ब तुझ्यावरच पडला होता.

सरावलेले लोकही अनोळखी आवाजापुढे कसे होतात ते सांगते. ३ मार्च १९४३ च्या संध्याकाळी पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन स्टेशनात लोक आसऱ्याला उतरत होते. अडीच वर्षं ते हेच करत आले होते. तेवढ्यात जवळच्या बागेतून विमानविरोधी अग्निबाण सुटले. ते नवे होते, तो आवाज कोणी ऐकलेला नव्हता. गर्दी पुढे सरकली, अंधाऱ्या ओल्या जिन्यावर कोणीतरी पडलं आणि त्या जिन्यात १७३ माणसं चेंगरून, गुदमरून मेली. तिथे एकही बॉम्ब पडला नव्हता. पुढे जून १९४४ मध्ये, आता युद्ध संपत आलं असं वाटत असताना, जर्मनीचे उडते बॉम्ब लंडनवर येऊ लागले, तेव्हा १९४० सोसलेली माणसंही म्हणाली की या वेळी अंगात बळ नाही. धोका संपला असं शरीराने मानलं की तो परत आल्यावर दुप्पट लागतो. सुतळी बॉम्ब तर सांगूनही येत नाही.

म्हणून चुलतभावांना आधी बजाव की माझ्या आसपास वाजवायचा तर आधी ओरडून सांगायचं. हसले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, त्यांना कोणी काही सांगितलेलंच नाही. नंतर हे काम हळूहळू तू स्वतःच्या हातात घे. आधी मोबाइलवर बारीक आवाजात फटाक्यांचा व्हिडिओ. तो कंटाळवाणा वाटेपर्यंत बघ. मग आवाज वाढव. मग लांबच्या मैदानात कोणी लवंगी लावताना बघ. शेवटी, जमलं तर, वात तू पेटव, म्हणजे आवाज कधी होणार हे तुझ्या हातात असेल. दर टप्प्यावर ठोके वाढतील. ते आपोआप उतरेपर्यंत तिथेच थांब, मधेच पळालीस तर शरीर पुन्हा जुनाच धडा पक्का करेल. हे एकटीने करू नकोस. तीन वर्षांहून जास्त काळ हे चाललंय, म्हणून आघातावर काम करणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे जाच. या त्रासावर बोलून, टप्प्याटप्प्याने होणारे चांगले उपचार आहेत आणि ते लागू पडतात. सुरुवात करायला टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा फोन आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. आणि तू डॉक्टर होते आहेस म्हणून मुद्दाम लिहिते: वॉर्डात सहज मिळते म्हणून धास्ती कमी करणारी अल्प्राझोलामची गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस. त्या रात्री झोप येईल, पण अभ्यास अर्धवटच राहील.

आणखी एक सुचवते. तू लातूरची आहेस. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात घरं कोसळली, त्यानंतरही जमीन अधूनमधून हलत राहिली आणि लोक कितीतरी दिवस छताखाली झोपायला तयार नव्हते. काहींना आजही पत्र्यावर मांजर उडी मारून गेलं तरी दचकायला होतं. तुझ्या घरात, गल्लीत, नात्यात असं कोणीतरी नक्की असेल, आजी असेल, आत्या असेल. त्यांना सुतळी बॉम्बची गोष्ट सांग. त्या हसणार नाहीत. तू पहिल्यांदा कधी घरात झोपलीस, कोणी धीर दिला, हे त्यांना विचार. पुस्तकात न मिळणारं तुला तिथे मिळेल.

रूममेटच्या मांजराला उत्तर देत जा. "तू कशी सहन करतेस" असं तिला विचारू नकोस. मांजर जाड झालंय की बारीक, ते विचार.

प्रश्न : डॉक्टरबाई, मी दादरला राहतो, वय ७८. १९७१ चा ब्लॅकआउट चाळीत पाहिलेला आहे. मे २०२५ मध्ये देशभर मॉक ड्रिल झाली आणि टीव्हीवर युद्धाच्या बातम्या सुरू होत्या, तेव्हापासून माझा आठ वर्षांचा नातू रात्री दिवे घालवू देत नाही. "आपला बंकर कुठे आहे?" असं विचारतो. मी सांगतो की आम्ही तर मजेत होतो तेव्हा. त्याचा उपयोग होत नाही. मुलगा-सून म्हणतात, दुर्लक्ष करा.

उत्तर : आजोबा, दुर्लक्ष नको. पण "आम्ही मजेत होतो" हेही नको, कारण ते पूर्ण खरं नाही आणि मुलांना ते बरोबर कळतं. त्या डिसेंबरात मीही लहान होते. काचांवर चिकटवलेला काळा कागद, मोटारींच्या दिव्यांवर फासलेला काळा रंग आणि "लाइट बंद करा" म्हणून खालून ओरडणारा वॉर्डन मला आठवतो. भीती वाटत होती, पण गॅलरीत सगळे एकत्र बसायचे, म्हणून ती सोसवत होती. नातवाला हे दोन्ही सांगा.

अ‍ॅना फ्रॉइड यांनी १९४१ पासून लंडनच्या हॅम्पस्टेड भागात बॉम्बहल्ल्यांत सापडलेल्या मुलांसाठी शिशुगृहं चालवली. त्यांना तिथे पुन्हा पुन्हा दिसलं की आईजवळ असलेलं मूल बॉम्बचा आवाज सोसून जातं, पण आईपासून तुटलेलं, सुरक्षित खेड्यात असलेलं मूलही कोमेजतं. लहान मूल आकाशाकडे बघून ठरवत नाही, शेजारच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतं. त्या मे महिन्यात तुमच्या घरातले चेहरे टीव्हीकडे वळलेले असतील आणि टीव्हीतून सायरन वाजत असेल. तो इतका वाजत होता की वाहिन्यांनी कार्यक्रमांत नागरी संरक्षणाच्या सायरनचा आवाज वापरू नये, असं सरकारला सांगावं लागलं. आठ वर्षांच्या मुलाला स्टुडिओतला सायरन आणि शिवाजी पार्कावरचा सायरन यांत फरक कळत नाही. तो दिवसभर दहा वेळा युद्धात गेला असेल.

बंकरच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. "आपल्या इमारतीत बंकर नाही. वेळ आलीच तर आपण सगळे मधल्या पॅसेजमध्ये, खिडकीपासून लांब बसू, मी तुझ्या शेजारी असेन." मग त्याला घेऊन ती जागा बघा, एकदा बसून बघा. बॅटरीतले सेल दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासायचं काम त्याच्याकडे द्या, ते त्याचंच काम, दुसऱ्या कोणी करायचं नाही. रात्री छोटा दिवा काही महिने चालू राहिला तर काही बिघडत नाही. तो जेवतखात असेल, शाळेत रमत असेल, तर हळूहळू तोच दिवा घालवू द्यायला लागेल. अंथरूण ओलं व्हायला लागलं, शाळेत जायला नकार दिला किंवा पोटदुखी रोजची झाली, तर मात्र सुनेला म्हणावं बालमानसतज्ज्ञाकडे घेऊन जा. आणि बातम्या तुम्हाला बघायच्याच असतील तर तो झोपल्यावर बघा, आवाज कमी ठेवून.